हरवला नाही, वाट चुकलाय!

यंत्रांशी गट्टी

मुलांनो, तुमच्या घरी माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत किंवा कपाटामागे एखादा जुना संगणक धूळ खात पडला आहे का? असेल, तर आज कुणालाही तो भंगारवाल्याला देऊ देऊ नका. निदान हे सदर वाचून होईपर्यंत तरी!

का म्हणून विचारता? सांगतो.

तुमचे मामा, काका, आत्या, मावशी आणि खुद्द आई-बाबा शाळा-कॉलेजात होते, तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज मी’ या आपल्या प्रणालीसोबत ‘मूव्ही मेकर’ नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर फुकट दिले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘विंडोज एक्स्पी’मध्येही ते होते. कॅमेऱ्यातले चित्रण संगणकात घ्यायचे, नको तो भाग कापायचा, हवे ते तुकडे एकापुढे एक जोडायचे, वर नावे टाकायची, खाली गाणे लावायचे, की झाली फिल्म तयार! मग काय, घरोघरी चित्रपट दिग्दर्शक निपजले. कुणी ताईच्या लग्नाची फिल्म केली, कुणी सहलीची, कुणी गणपतीच्या दहा दिवसांची. काही पूर्ण झाल्या, सीडीवर चढल्या आणि साऱ्या नातेवाइकांनी पाहिल्या. काही मात्र अर्ध्यावरच राहिल्या. परीक्षा आली, नोकरी लागली, संगणक बदलला.

आता आज तीच फाइल नव्या संगणकावर उघडायला जा. संगणक सरळ सांगतो, “ही कसली फाइल? मी नाही ओळखत.” किंवा फाइल उघडते, पण चित्रांच्या जागी नुसत्या फुल्या दिसतात. मग मामा सुस्कारा टाकून म्हणतो, “गेली रे ती फिल्म!”

थांबा! पुष्कळदा ती गेलेली नसते. ती नुसती वाट चुकलेली असते. आणि वाट चुकलेल्याला घरी आणायचे काम तुमच्यासारख्या चौकस मुलांइतके कुणालाच जमणार नाही.

पुरणपोळी आणि पुरणपोळीची कृती

आजीच्या वहीत पुरणपोळीची कृती लिहिलेली असते ना? ‘चण्याची डाळ एक किलो, गूळ एक किलो, वेलची, जायफळ…’ ती वही म्हणजे पुरणपोळी नव्हे. वही चाटून गोड लागणार नाही! डाळ आणि गूळ वेगळ्या डब्यांत असतात. वहीत फक्त एवढेच असते, की काय घ्यायचे, किती घ्यायचे आणि कशानंतर काय करायचे.

चित्रफीत जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची ‘प्रोजेक्ट फाइल’ अगदी अशीच असते. तिच्यात चित्र नसते, आवाज नसतो. तिच्यात असते एक यादी. ‘सी ड्राइव्हमधल्या अमुक फोल्डरमधली तमुक फाइल घे. तिच्यातला बाराव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंतचा भाग लाव. त्यानंतर दुसरी फाइल घे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव टाक.’ बस्स, इतकेच! म्हणून तर तासाभराच्या फिल्मची प्रोजेक्ट फाइल एखाद्या फोटोहूनही लहान असू शकते. उलट, मिनी-डीव्ही जातीच्या कॅसेटवरचे एक तासाचे मूळ चित्रण संगणकात घेतले, तर ते सुमारे १३ गिगाबाइट जागा खाते.

ही युक्ती घरगुती संगणकांपेक्षाही जुनी आहे, बरं का. अमेरिकेतल्या सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन कंपन्यांनी मिळून १९७१ मध्ये ‘सीएमएक्स ६००’ नावाचे संकलनयंत्र बनवले. संगणकाच्या मदतीने चित्रफितीचे संकलन करणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी ते एक. तेव्हापासून संकलकांची रीत अशी, की मूळ फितीला हात लावायचा नाही. कुठून कुठवर काय घ्यायचे, याची यादी तेवढी करायची.

आता घोटाळा कसा होतो, ते तुमच्या लक्षात आले असेल. वहीत लिहिले आहे, ‘गूळ डावीकडच्या फडताळातल्या पितळी डब्यात.’ पण मधल्या काळात घर बदलले! फडताळ गेले, डबा गेला. गूळ आहे, पण तो आता वेगळ्याच बरणीत आहे. वही बिचारी जुन्याच डब्याकडे बोट दाखवत बसते. संगणकावर फाइल एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवली, तिचे नाव बदलले किंवा नवा संगणक घेतला, की असेच होते.

एवढा खटाटोप कशाला?

तुमच्यापैकी एखादा हुशार मुलगा म्हणेल, “पण आमच्याकडे फिल्मची सीडी आहे. मग प्रोजेक्ट फाइल कशाला शोधायची?”

प्रश्न चांगला आहे. उत्तर नीट वाचा, कारण आजच्या सदरातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच आहे.

मूव्ही मेकरमध्ये एखादा तुकडा कापला, तरी मूळ फाइल कापली जात नाही. फक्त यादीतला आकडा बदलतो. म्हणजे मामाने जे ‘काढून टाकले’, ते मूळ फायलीत जसेच्या तसे असते. सीडीवर मात्र फक्त निवडलेले उतरते.

आता विचार करा. वीस वर्षांपूर्वी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने काय कापले असेल? कॅमेरा हलला तो भाग. मध्येच कुणी आडवे आले तो भाग. गणपतीची आरास टिपताना मागून आजीने हाक मारली, “अरे, किती वेळ ते यंत्र धरून बसणार? पानं वाढलीत, जेवायला चला!” तोही भाग कापला, कारण त्याला हवे होते संगीत. तेव्हा त्याचे बरोबरच होते. आरास सुंदर दिसायला हवी होती.

पण आज? आरासीचे फोटो शंभर मिळतील. आजीची ती हाक मात्र एकाच ठिकाणी असेल, मूळ फायलीतल्या त्या कापलेल्या सात-आठ सेकंदांत. ज्यांच्या घरी आजी आता नाही, त्यांना विचारा या सात सेकंदांची किंमत काय ते.

म्हणून केवळ तयार फिल्म नव्हे, तर तिची यादी आणि तिचे मूळ तुकडे दोन्ही वाचवायचे. यादी सांगते, मामाला तेव्हा काय आवडले. मूळ तुकडे सांगतात, तेव्हा घरात आणखी काय काय होते.

आधी नक्कल, मग अक्कल

आता कामाला लागू. पहिला नियम पाठ करून टाका : आधी नक्कल, मग अक्कल! जुन्या वस्तूवर थेट प्रयोग करायचे नाहीत. प्रथम तिची प्रत काढायची आणि सारी अक्कल त्या प्रतीवर चालवायची.

जुना संगणक सुरू होत असेल, तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन त्यातले सगळे व्हिडिओ, फोटो, गाणी आणि प्रोजेक्ट फायली एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. निवड करत बसू नका. सगळे घ्या! ‘हे काही कामाचे दिसत नाही’ असे वाटून सोडलेली फाइलच नेमकी पुढे हवी असते. उतरवताना फोल्डरांची नावे आणि रचना बदलू नका.

संगणक सुरूच होत नसेल, तरी निराश होऊ नका. संगणक बिघडला म्हणजे आतली हार्ड डिस्क बिघडलीच असे नाही. दुरुस्ती करणारे लोक ती डिस्क बाहेर काढून एका जोडणीने नव्या संगणकाला लावू शकतात. हे काम तुम्ही स्वतः करायचे नाही, बरं का! आणि डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. प्रत्येक वेळी ती आणखी बिघडू शकते. अशी डिस्क सरळ जाणकाराकडे न्या.

सीड्या सापडल्या तर मऊ, स्वच्छ फडक्याने पुसा. पण गोल गोल नव्हे! मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसायचे. सीडीवरची माहिती गोल फिरत लिहिलेली असते. गोल पुसताना ओरखडा पडला, तर तो त्या माहितीच्या वाटेनेच जातो आणि बरेच नुकसान करतो. आडवा ओरखडा त्या मानाने परवडला.

नोटपॅडची जादू

आता खरी गंमत. प्रोजेक्ट फाइल कोणत्या जातीची आहे, ते तिच्या नावाच्या शेपटीवरून ओळखायचे.

शेपटी ‘डब्ल्यू-एल-एम-पी’ असेल, तर तुमचे नशीब थोर! ही २००९ नंतरच्या ‘विंडोज लाइव्ह मूव्ही मेकर’ची फाइल. ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते. तिची प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. आधी नुसता इंग्रजी अक्षरांचा बाजार दिसेल. घाबरू नका. त्यात ‘फाइलपाथ’ हा इंग्रजी शब्द शोधा. त्याच्यापुढे अवतरणचिन्हांत एक लांबलचक पत्ता असेल : कोणता ड्राइव्ह, कोणता फोल्डर, कोणती फाइल. जवळच ‘ड्युरेशन’ म्हणजे त्या फायलीची लांबी सेकंदांत दिलेली असते. आणखी खाली गेलात, की ‘इनटाइम’ आणि ‘आउटटाइम’ हे शब्द दिसतील. तुकडा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, ते हे आकडे सांगतात. समजा इनटाइम १२.४ आणि आउटटाइम २०.९ असेल, तर मामाने त्या फायलीतले साडेआठ सेकंद घेतले. फिल्मवर टाकलेली नावेही याच फायलीत सापडतात.

पाहिलंत? सॉफ्टवेअर नसतानाही तुम्ही फिल्मची आखी कृती वाचून काढलीत!

शेपटी ‘एम-एस-डब्ल्यू-एम-एम’ असेल, तर ती आधीच्या, एक्स्पीच्या काळातल्या मूव्ही मेकरची फाइल. ती अशी साध्या अक्षरांत नसते. नोटपॅडमध्ये बहुतेक चित्रविचित्र खुणाच दिसतात. अशा वेळी उत्तम उपाय म्हणजे ज्या जुन्या संगणकावर ती फाइल जन्मली, त्याच संगणकावर ती उघडणे. तिथे फुल्या नसतील, तर तिथल्या तिथेच पूर्ण फिल्म जास्तीत जास्त चांगल्या दर्जाची करून साठवून घ्या. म्हणून तर मी सुरुवातीलाच बजावले, की संगणक भंगारात देऊ नका!

एक धोक्याची सूचना. मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ पासून मूव्ही मेकर देणे बंद केले. त्याच वर्षी त्याच नावाची एक नकली आवृत्ती लोकांकडून पैसे उकळत असल्याचे उघडकीस आले. तेव्हा ‘जुना मूव्ही मेकर इथे मिळेल’ असे कुठल्याही संकेतस्थळावर दिसले, की मोह आवरा. विंडोज ११ सोबत ‘क्लिपचॅम्प’ नावाचे नवे सॉफ्टवेअर येते, पण त्याला या जुन्या प्रोजेक्ट फायली उघडता येत नाहीत.

हरवलेल्या तुकड्यांचा माग

आता वहीचे एक पान घ्या आणि त्यावर रकाने आखा : अनुक्रम, फायलीचे नाव, लांबी, कुठून, कुठवर, वरचे नाव, सापडली का? जितके तुकडे, तितक्या ओळी. हा तुमचा शोधपत्रक. गुप्तहेराची डायरीच समजा ना!

उतरवून घेतलेल्या डिस्कवर प्रत्येक फायलीचे नाव शोधत चला. सापडली, की बरोबरची खूण करा. पण इथे एक फसवणूक आहे. डिजिटल कॅमेरे फायलींना क्रमांकाने नावे देतात आणि कार्ड पुसले की काही कॅमेऱ्यांत पुन्हा एकपासून मोजणी सुरू होते. त्यामुळे बारा क्रमांकाची एक फाइल सहलीची आणि दुसरी बारा क्रमांकाची बारशाची, असे सर्रास होते. नाव जुळले म्हणून फसू नका. लांबी जुळते का पाहा. यादीत ९५ सेकंद आणि सापडलेली फाइल ४० सेकंदांची, म्हणजे ती नव्हेच!

काही फायली डिस्कवर नसतीलच. मग मोर्चा घराकडे वळवा. जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीतले छोटे कार्ड पाहा. जुन्या मोबाइलमधले कार्ड पाहा. मिनी-डीव्हीच्या चिमुकल्या कॅसेट पाहा. त्या काळी घरगुती संगणकाची हार्ड डिस्क ४० किंवा ८० गिगाबाइटची असे. तासाला १३ गिगाबाइट या हिशेबाने ती चटकन भरायची. मग फिल्म झाली, की लोक डिस्कवरचे मूळ चित्रण पुसून टाकत. कॅसेट मात्र जपून ठेवत. अशी कॅसेट मिळाली, तर तिच्यावरचे चित्रण पुन्हा संगणकात घेऊन देणारे लोक आजही आहेत.

आणि हो, नातेवाइकांना फोन करा! नाशिकच्या काकांना, नागपूरच्या मावशीला, परदेशातल्या दादाला. “त्या वेळी आम्ही तुम्हाला एक सीडी दिली होती, ती आहे का हो अजून?” असे विचारायचे. लग्नाच्या सीड्या पुष्कळदा ‘व्हीसीडी’ जातीच्या असतात. त्यांच्या फायलींची शेपटी ‘डॅट’ असते. त्या नव्या संगणकावर उघडत नसतील, तर ‘व्हीएलसी’ हे मोफत सॉफ्टवेअर त्या चालवून दाखवते. चित्र थोडे धूसर असेल, कारण व्हीसीडीचे चित्र फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. पण अजिबात नसण्यापेक्षा धूसर बरे!

मराठी अक्षरांचे कोडे

आपल्या मराठी घरांत आणखी एक मजेदार अडचण येते. फिल्मच्या सुरुवातीला मोठ्या हौसेने टाकलेल्या नावाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरे दिसतात. कुणी खोडसाळपणा केला का? छे!

त्या काळी मराठी लिहायला कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे निरनिराळे फाँट वापरत. हे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले मराठी मुखवटे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला, की संगणकाच्या पोटात जातात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे! ई-वर ‘म’चा मुखवटा, जे-वर ‘र’चा, के-वर कान्याचा, मोठ्या बी-वर ‘ठ’चा आणि एच-वर वेलांटीचा. नव्या संगणकात तो फाँट नसेल, तर मुखवटा गळून पडतो आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात.

उपाय दोन. तोच फाँट मिळवून नव्या संगणकात घालायचा किंवा जुन्या सीडीवर नाव पाहून ते युनिकोड मराठीत नव्याने टंकायचे. युनिकोडमध्ये ‘म’ हा ‘म’च असतो, त्याला मुखवटा लागत नाही. म्हणून दुसरा उपाय अधिक टिकाऊ. मात्र मामाने लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकवले असेल, तर ते तसेच ठेवायचे का सुधारायचे, हे मामालाच विचारा!

नव्या घरात मांडामांड

आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्म पुन्हा उभी करायची. शॉटकट, ओपनशॉट, केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. कोणतेही एक घ्या आणि तुमच्या वहीतल्या पानाप्रमाणे तुकडे क्रमाने लावत चला. दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांभाळा.

जुन्या चित्राचा आकार चारास तीन असा असे. आजचे पडदे सोळास नऊ, म्हणजे जास्त रुंद. सॉफ्टवेअर विचारेल, “चित्र ताणून पडदाभर करू का?” ‘नको’ म्हणा! ताणलेत तर सडपातळ आजोबा एकदम पैलवान दिसू लागतील. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालेल.

मिनी-डीव्हीच्या चित्रात कुणी पळताना दिसले, की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हा बिघाड नाही. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपले जाई. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या ओळी. दोन हप्त्यांच्या मधल्या क्षणात पळणारा मुलगा पुढे सरकलेला असतो, म्हणून हे दात! सॉफ्टवेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ नावाची सोय असते, ती वापरून ते बुजवता येतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आधी फिल्म जशी होती तशीच उभी करा. पान उलटल्यासारखे चित्र बदलणे, चकाकणारी अक्षरे, हे सारे आज तुम्हाला जुनाट वाटेल. हात शिवशिवतील. पण ती फिल्म मामाची आहे. ती मामाचीच राहू द्या. नंतर खुशाल तिची वेगळी प्रत काढा आणि तुमच्या मनासारखी दुसरी फिल्म करा. तिच्यात आजीची ती हाकही घाला!

पिक्सारलाही हे चुकले नाही

हे दुखणे फक्त तुमच्या-आमच्या घरचे आहे असे समजू नका. पिक्सार कंपनीचा ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. तो १९९५ मध्ये आला. २००९ मध्ये तो त्रिमितीत पुन्हा दाखवायचे ठरले, तेव्हा जुन्या फायली नव्या यंत्रांवर चालेनात. ती जुनी माहिती पुन्हा जिवंत करण्यातच सुमारे चार महिने गेले! ज्यांनी ती बनवली, त्या कंपनीला चार महिने. मग मामाच्या फिल्मसाठी तुम्हाला दोन-तीन रविवार लागले, तर कुरकुर कशाला?

‘टॉय स्टोरी २’ची गोष्ट तर याहून थरारक. १९९८ मध्ये काम चालू असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रत तपासली, तर तीही नीट निघेना. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. त्यांना नुकतेच बाळ झाले होते, म्हणून त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून, जपून गाडीतून कचेरीत आणला गेला. पुढे त्या चित्रपटात बरेच बदल झाले, पण धडा राहिला : एक प्रत दुसऱ्या घरात हवीच!

तुमच्या आजच्या फिल्मचे काय?

तुम्हीही आज मोबाइलवर फिल्म करता. आणखी वीस वर्षांनी तुमचा भाचा किंवा पुतणी ती शोधू लागेल. त्यांना एवढे कष्ट पडू नयेत, म्हणून चार सवयी आत्ताच लावा.

१. एका फिल्मसाठी एकच फोल्डर करा. मूळ चित्रण, फोटो, गाणी, प्रोजेक्ट फाइल सारे त्यातच ठेवा. वही आणि गूळ एकाच कपाटात!

२. फिल्म संपली, की पूर्ण फिल्म एमपी-फोर स्वरूपात साठवा. पण म्हणून मूळ चित्रण पुसू नका.

३. त्याच फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवा. चित्रात कोण कोण आहे, गाव कोणते, वर्ष कोणते, ते लिहा. यंत्राला चेहऱ्यांची नावे आठवत नाहीत आणि काही वर्षांनी माणसांनाही आठवत नाहीत.

४. फोल्डरच्या दोन प्रती करा. एक तुमच्या घरी, एक आत्याकडे.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुले जुने चित्रण शोधून काढतील, तेव्हा त्यात घरातल्या अनेकांचे चेहरे असतील. ते बाहेर कुणाला पाठवण्याआधी त्या त्या माणसाची परवानगी घ्यायला मुलांना शिकवा. आणि मुले “हा कोण? ही कोण?” असे विचारू लागली, की हातातले काम बाजूला ठेवून उत्तर द्या. हार्ड डिस्क भरून घेता येते, पण हा माणूस कोण, हे सांगणारे तुमच्या घरात तुम्हीच आहात.

डोकं लढवा!

मामाच्या यादीत तीन फायली आहेत. पहिली ९५ सेकंदांची, तिच्यातला १२ ते २० सेकंदांचा भाग घेतला. दुसरी १४० सेकंदांची, तिच्यातला ३१ ते ४५ सेकंदांचा भाग घेतला. तिसरी ६५ सेकंदांची, तिच्यातले पहिले १८ सेकंद घेतले. तर मामाची फिल्म किती सेकंदांची झाली? आणि आजवर सीडीवर कुणीच न पाहिलेले चित्रण किती उरले?

(उत्तर : फिल्म ४० सेकंदांची. न पाहिलेले चित्रण ४ मिनिटे २० सेकंद. बघा, आजीची हाक त्यातच कुठेतरी असेल!)